त्याला ‘उद्या’ कळत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कादंबरी सत्तर हजार शब्दांची झाली आहे. नायिका २८ वर्षांची, नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणारी. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याकडून आलेला एक परग्रहवासी तिला भेटतो, नाणेघाटातल्या एका दारातून दोघं १९७२ च्या दुष्काळात जातात आणि प्रेमात पडतात. हस्तलिखित वाचलेल्या एका मैत्रिणीने सांगितलं की प्रेम पटत नाही, दुसऱ्याने सांगितलं की काळाचा गुंता सुटत नाही. आता तुम्ही विचारताय, यातलं काय काढून टाकू, परग्रहवासी की कालप्रवास?

दिवाळी अंकासाठी पाच हजार शब्दांची कथा असती तर मी लगेच म्हटलं असतं, एक काढा. तेवढ्या जागेत दोन अद्भुतं मावत नाहीत. कादंबरीत मावतात, आणि तुमच्या कादंबरीला दोन्हींची गरज आहे असं मला मनापासून वाटतं. मी बावीस वर्षं विज्ञानकथा वाचते, संपादित करते, थोड्या लिहितेही. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या दोन वाचकांच्या दोन तक्रारी मुळात एकच आहेत. तुमच्या परग्रहवासीयाला स्वतःचा काळ नाही. तो कधी लहान होता का, थकतो का, वाट पाहताना त्याला काय होतं, यातलं काहीच मला तुमच्या सारांशात दिसलं नाही. जो काळात राहतच नाही त्याच्याबरोबर केलेला कालप्रवास नुसता देखावा राहतो. आणि ज्याच्याकडे घालवायला काळच नाही, त्याने आपला वेळ कोणासाठी दिला तर त्याची किंमत वाचकाला कशी कळणार?

ही चूक मीही केली आहे. माझ्या अगदी सुरुवातीच्या एका कथेत कोकणातल्या शाळेतली एक शिक्षिका आणि एक परग्रहवासी होता. संपादकांनी कथा परत पाठवली, सोबत एकच ओळ होती: ‘याला भूक कधी लागते?’ मी आठवडाभर त्या ओळीवर चिडून होते. मग उत्तर शोधायला बसले आणि अख्खी कथा नव्याने लिहावी लागली, कारण त्याला भूक कधी लागते हे ठरवलं की तो कधी झोपतो, कधी चिडतो, कधी निघून जातो हे सगळं आपोआप ठरत गेलं.

तुम्ही तारा फार चांगला निवडला आहे, फक्त तो वापरलेला नाही. ट्रॅपिस्ट-१ पृथ्वीपासून सुमारे ४०.७ प्रकाशवर्षांवर, कुंभ राशीत आहे. त्याच्याभोवती सात ग्रह असल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. तारा लहान, थंड आणि लालसर आहे, आकाराने गुरूपेक्षा थोडाच मोठा. म्हणून ग्रह त्याला अगदी चिकटून फिरतात. तुमचा नायक जिथला आहे त्या ‘ई’ ग्रहाचं वर्ष आपल्या ६.१ दिवसांचं. आणि इतक्या जवळ असल्यामुळे या ग्रहांची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे असते, जसा चंद्र आपल्याकडे एकच बाजू ठेवतो. म्हणजे एका बाजूला कायमचा दिवस, दुसरीकडे कायमची रात्र आणि मधे संधिप्रकाशाचा पट्टा. सूर्य उगवत नाही, मावळत नाही.

आता याचा अर्थ माणसाच्या, म्हणजे प्रेमाच्या भाषेत काय होतो ते पाहा. तुमची २८ वर्षांची नायिका त्याच्या हिशेबात साधारण १,६७५ वर्षांची आहे. ती सहज म्हणते, “मला अठ्ठावीस पूर्ण झाली,” आणि तो तिला बाळ समजतो. किंवा हिशेब करून घाबरतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या भाषेत ‘उद्या’ नसणार. ज्या जगात सूर्य हलत नाही तिथे ‘उद्या भेटू’ या वाक्याला टेकायला जागाच नाही. तो वेळ कदाचित जागेने मोजेल, ‘अंधाराच्या दिशेने चालत गेलो तितका वेळ’ असा. पृथ्वीवरची त्याची पहिली रात्र किती भयंकर असेल! त्याच्या अनुभवात सूर्य नाहीसा होणं म्हणजे चालत चालत मरणाच्या बाजूला जाणं, आणि इथे तो जागचा हललेलाही नाही. त्या रात्री नायिका त्याच्याजवळ बसून राहते, ‘परत उगवतो तो, थांब’ असं सांगत राहते, आणि खरंच उगवतो. माझ्या मते तुमच्या प्रेमकथेचं पहिलं प्रकरण हे आहे. तुमच्या हस्तलिखितात त्या जागी आत्ता तो तिचा जीव वाचवतो. त्याने कृतज्ञता येते. विश्वास या रात्रीतून येईल.

शरीराबद्दलही हेच. सहा फूट उंच, निळ्या डोळ्यांचा, देखणा पुरुष कृपा करून नको. फार विचित्रही करू नका. एकच इंद्रिय वेगळं द्या आणि त्याचे परिणाम शेवटपर्यंत निभवा. लाल ताऱ्याखालचा जीव म्हणजे त्याला अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश दिसणार, असं अनेक जण लिहितात, पण इथे एक बारकावा आहे. त्या ताऱ्याचा प्रकाश सगळ्यात जास्त असतो तो १.१ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास, आणि आपल्या अंगाची ऊब बाहेर पडते ती ९-१० मायक्रोमीटरला. ताऱ्याच्या उजेडासाठी घडलेल्या डोळ्याला माणसाची ऊब आपोआप दिसणार नाही. तेव्हा त्याला वेगळं कारण द्या: त्याचे पूर्वज रात्रीच्या बाजूचे, अंधारात उबेवरून शिकार शोधणारे. आपल्या सह्याद्रीतला चापडा साप हेच करतो, डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खळग्याने त्याला ऊब जाणवते.

एवढं ठरवलंत की तुमच्या हाताला काय लागतं? दुर्बिणीच्या आवाराबाहेरच्या दगडी कट्ट्यावर ती बसली होती आणि उठून गेली. तिची ऊब दगडावर थोडा वेळ राहते. तुमच्या-माझ्यासाठी ती गेली, त्याच्यासाठी ती अजून विरते आहे. त्याला ताजा भूतकाळ डोळ्यांनी दिसतो! कालप्रवासाच्या कादंबरीत प्रियकराला हे इंद्रिय असणं यापेक्षा नेमकं काही मला सुचत नाही. ती लाजली तर तिला स्वतःला कळण्याआधी त्याला कळणार. आणि ती आजारी पडणार असेल तर तेही.

मग भाषा. पहिल्याच भेटीत तो अस्खलित, छापील मराठी बोलतो, ते यंत्रामुळे असं तुम्ही म्हणता. यंत्र ठेवा, पण यंत्राला आपली मराठी पुरती कळू देऊ नका, कारण मराठी काळाशी जे करते ते कोणत्याही यंत्राला जड जाईल. आपण घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. कोणी हाक मारली की जागचं न हलता ‘आलेच’ म्हणतो, म्हणजे जे अजून घडायचंय ते घडून गेलं म्हणून सांगतो. व्याकरण शिकून आलेला तो ‘आलेच’ ऐकेल आणि दाराकडे बघेल. तिथे कोणी नाही. त्याला वाटेल, या लोकांना येणारा काळ आधीच दिसतो. हा गैरसमज दोघांमधला पहिला धागा होऊ शकतो. तो तिला विचारेल, “तू ‘आले’ म्हणालीस तेव्हा तू कुठे होतीस?” या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर तिला तिच्या आईबद्दल, घराबद्दल, शब्द देण्याबद्दल सांगावं लागेल.

दुसऱ्या वाचकाची तक्रार काळाच्या गुंत्याची होती. तुमच्या दाराला आत्ता काही नियम नाही. हवं तेव्हा उघडतं, हव्या त्या साली नेतं. मग वाचक विचारणारच की चुकलेली गोष्ट परत जाऊन दुरुस्त का करत नाहीत. नियम कोणता घ्यायचा हे तुमच्या कथेवर अवलंबून आहे. काळाला फाटे फुटतात असं मानलंत तर प्रत्येक निवडीची दुसरी आवृत्ती कुठेतरी जिवंत राहते आणि विरहाची धार जाते. मी तो मार्ग सहसा सुचवत नाही. तुमच्यासाठी मला योग्य वाटतं ते वर्महोलचं, म्हणजे अवकाशातल्या दोन जागा जोडणाऱ्या भुयाराचं गणित. १९८८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अवकाशात असं भुयार असलंच, तर त्याचं एक तोंड खूप वेगाने फिरवून आणलं की दोन तोंडांमध्ये काळाचा फरक पडतो. असं भुयार उघडं ठेवायला ऋण ऊर्जा लागते, ती कुठून आणायची हा वेगळा प्रश्न. ते त्याच्या लोकांवर सोडा, त्यावर पानं खर्च करू नका.

प्रेमकथेसाठी यातले दोन नियम सोन्यासारखे आहेत. पहिला, भुयार जेव्हा कालयंत्र झालं त्याच्या मागे तुम्हाला जाता येत नाही. तेव्हा नाणेघाटात दार आहे म्हणून सातवाहनांपर्यंत जायचा मोह नको. दार १९७२ मध्ये कसं आलं एवढंच सांगायचं. दुसरा नियम जास्त मोलाचा: दोन तोंडांमधला फरक ठरलेला असतो. समजा तो बरोबर ५३ वर्षांचा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आत गेलात तर नोव्हेंबर १९७२ मध्ये बाहेर पडाल. इथे आठ दिवस थांबून गेलात तर तिथेही आठ दिवस सरलेले असतील. हवं ते साल लावायची सोय नाही. नदीच्या दोन काठांसारखं आहे ते, दोन्हीकडे दिवस बरोबरीने पुढे सरकतात. म्हणून चुकलेली भेट चुकलेलीच राहते. आणि १९७३ च्या जूनमध्ये तिकडे पाऊस येईल तेव्हा इकडे २०२६ चा जून असेल. तुमच्या कादंबरीला कॅलेंडर मिळालं, आणि शेवटची तारीखही.

हा भाग लिहिताना एक दुरुस्ती करा. तुमच्या सारांशात १९७२ च्या गावात टँकरमागे धावणारी माणसं आहेत. ते चित्र अलीकडच्या दुष्काळांचं वाटतं. बहात्तर पाहिलेली माणसं सांगतात, पाणी थोडंफार होतं, धान्य नव्हतं. रेशनची लाल मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, रस्त्याच्या आणि पाझर तलावाच्या कामांवर खडी फोडणाऱ्या बायका हे त्या वर्षाचं चित्र आहे. पारनेरच्या बाजूला अजून कोणी ऐंशीच्या पुढची आजी भेटली तर एक दुपार तिच्यापाशी बसा. तुमच्या नायिकेची आजी त्या कामावर आहे असं तुम्हीच लिहिलंय, मग तिच्या हाताला पडलेले घट्टे तुम्हाला माहीत असले पाहिजेत.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. तुमच्या कथेत त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे की ती त्याच्या प्रेमात पडणार, कारण त्याने भविष्यातली नोंद पाहिली आहे. इथेच तुमच्या मैत्रिणीला प्रेम पटेनासं झालं असणार. त्याला सगळं माहीत, तिला काहीच नाही, आणि घडलेलं बदलत नाही हा नियम. मग तिच्या होकाराला काय अर्थ उरला? तिला नाही म्हणण्याची वाटच नाही. नियम बदलू नका, नोंद बदला. नोंद म्हणून एक जुना फोटो ठेवा: खडीच्या ढिगापाशी आजी उभी आहे, शेजारी पाठमोरी एक बाई आणि एक लांबट सावली. एवढं अटळ. ती तिथे का उभी होती, कोणासाठी, रागावून की रडून, हे फोटो सांगत नाही. तो फोटोवरून चुकीचा अर्थ काढून बसलेला असू दे. घटना ठरलेली आणि मन मोकळं, अशी मांडणी केलीत तर तिचा होकार तिचाच राहतो, त्यालाही तो अनपेक्षितच असतो.

आपल्याकडे असल्या प्रेमाचा अनुभव जुना आहे. पुरूरवा राजा आणि उर्वशी अप्सरेची गोष्ट ऋग्वेदात संवादरूपाने आहे आणि शतपथ ब्राह्मणात सविस्तर. उर्वशीच्या अटींमध्ये राजवैभवाचं काही नाही. पलंगाला बांधलेले दोन मेंढे, आणि तो तिला विवस्त्र दिसता कामा नये, अशा घरगुती, आपल्याला न कळणाऱ्या अटी. गंधर्व मेंढे पळवतात, ती आक्रोश करते, तो आहे तसा उडी मारून धावतो, वीज चमकते आणि ती नाहीशी होते. अट मोडली ती तिच्याच हाकेला ओ देताना. तुमच्या कादंबरीतला वियोग मला असा हवा आहे. आत्ता तो एका खलनायक शास्त्रज्ञामुळे होतो, त्या माणसाला सरळ काढून टाका. तुमच्याकडे आधीच सगळं आहे: पावसाळी अंधार, त्याचं रात्रीचं भय, तिचं ‘आलेच’.

आणि रेवती. ककुद्मी राजा लेकीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो, तिथे गाणं चालू असतं म्हणून क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटलेली असतात. मनात योजलेले वर, त्यांची नातवंडं-पतवंडं, कोणीच उरलेलं नसतं. परत येऊन रेवतीचं लग्न बलरामाशी होतं, आणि विष्णुपुराण सांगतं की ती जुन्या युगातली म्हणून फार उंच होती, त्याने नांगराच्या टोकाने तिला आपल्या मापाची केली. लहानपणापासून ऐकलेल्या या गोष्टीत एक जागा मला नेहमी रिकामी वाटत आली आहे: रेवतीला काय वाटलं? आपलं सगळं जग मागे राहिलं, वर आपली उंचीही दुसऱ्याच्या मापाने बेतली गेली. तुमच्या कथेत कोणी कोणाच्या मापाचं व्हायचं, हे ठरवताना ही जागा आठवा. मला विचाराल तर कोणीच नाही. तो उबेने बघत राहील, ती ‘येते’ म्हणत राहील.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण एक हिशेब करून पाहिला, तो देते. आवडला तर घ्या. तो जून १९७३ मध्ये पहिल्या पावसात आपल्या यानाने घरी निघतो, प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने. (वेग वाढवण्या-कमी करण्यात जाणारा काळ सध्या सोडून देऊ.) पृथ्वीच्या घड्याळाने त्याला ४१ वर्षं लागतात, त्याच्या स्वतःच्या घड्याळाने सहासुद्धा नाहीत. तो पोचतो २०१४ मध्ये आणि पोचल्या पोचल्या तिच्यासाठी रेडिओ संदेश सोडतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने येणार, म्हणजे २०५५ मध्ये. १९७३ मध्ये मागे राहिलेला तो आज कुठे आहे, हा वाचकाच्या मनात हमखास येणारा प्रश्नही यात सुटतो. तो इथे नाहीच, त्याच्या घरी आहे.

ती दारातून २०२६ मध्ये परत येते. दार बंद झालेलं. खोडद परिसरातल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तिथेच आहेत, कुंभ रास रोज उगवते आहे. ती हिशेब मांडते आणि तिच्या लक्षात येतं की २०१४ मध्ये, ती शाळेत असताना, त्याला भेटायच्या कितीतरी आधी, त्याचा निरोप निघालेला आहे. वाटेत आहे. तो पोचेल तेव्हा ती ५८ वर्षांची असेल. बोलणारा मात्र निरोप घेतला तेव्हापेक्षा जेमतेम सहा वर्षांनी मोठा. आता तिला यंत्र नको, दार नको. आपण सगळे करतो तसाच कालप्रवास तिने करायचा आहे, रोज एक दिवस. त्या एकोणतीस वर्षांत ती काय करते, कोणाशी संसार करते का, त्याला काय सांगते, हे तुम्ही ठरवा.

लिहायला कुठून घ्यायचं, तर शेवटाकडून नको. त्याची पृथ्वीवरची पहिली रात्र आधी लिहा, एका बैठकीत, त्याच्या बाजूने. सूर्य मावळतो तिथपासून उजाडेपर्यंत. ‘उद्या’ हा शब्द न वापरता. ते प्रकरण झालं की मला पाठवा, मी वाचीन.